कलांना अनुदान देणाऱ्या सार्वजनिक संस्थेत उन्हाळ्यात संशोधनाचं काम: तिथे नेमकं काय करावं लागतं?

एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘मी अर्थशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कलांना सार्वजनिक पैशातून अनुदान देणाऱ्या एका संस्थेच्या संशोधन विभागात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांसाठी माझी निवड झाली आहे. तिथे काय काम असतं? जाण्याआधी काय तयारी करू? मी ज्या हौशी नाट्यगटात काम करते, त्यानेही याच संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला आहे. त्याची अडचण होईल का?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याला वेळेचं बंधन आहे. तुमच्या गटाचा अर्ज तिथे आहे, हे रुजू होण्याआधीच कळवा. पहिल्या दिवशी चहा पिताना तोंडी नको, आधी आणि लेखी. यात लपवण्यासारखं काही नाही. या क्षेत्रात येणारा जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गटाशी जोडलेला असतोच. तुम्ही सांगितलंत तर फार तर त्या योजनेची फाइल तुमच्याकडे येणार नाही. सांगितलं नाहीत आणि नंतर कळलं, तर आठ आठवडे खपून केलेला प्रत्येक तक्ता संशयाच्या फेऱ्यात येईल. शिवाय तुमच्या गटाला अनुदान मिळालंच, तर ते स्वतःच्या गुणांवर मिळालं हे कुणी मानणार नाही. गटातल्या मित्रांनाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की अर्जाचं काय झालं हे मला विचारायचं नाही. ते विचारतातच. आधी सांगितलेलं असलं की नाही म्हणताना जड जात नाही.

आता कामाविषयी. अशाच एका संस्थेच्या संशोधन विभागात मी बावीस वर्षं काम केलं आणि जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात आमच्याकडे एक-दोन विद्यार्थी असायचे. येताना बहुतेकांना वाटायचं, की आपण कलाकारांना भेटणार, तालमी पाहणार आणि कुणाला अनुदान मिळावं यावर मत देणार. यातलं शेवटचं अजिबात नसतं आणि नसावंही.

त्यामागे कारण आहे. ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलला १९४६ साली सनद मिळाली. तिची आखणी करण्यात तुमच्याच विषयातले जॉन मेनार्ड केन्स पुढे होते. सनद हातात येण्याआधीच, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ते वारले. पैसा सरकारने द्यावा, पण कुठल्या कलाकाराला किती द्यायचा हे मंत्र्याने ठरवू नये, ही त्यामागची कल्पना. पुढे कॅनडात १९५७ साली आणि अमेरिकेत १९६५ साली अशा संस्था उभ्या राहिल्या. तपशील वेगळे असले तरी अर्ज त्या त्या क्षेत्रातल्या जाणकारांनी पारखायचे, ही पद्धत सगळीकडे रुजली. संशोधन विभाग या पारखण्यापासून मुद्दाम लांब ठेवलेला असतो. निवड करणाऱ्याने स्वतःच्याच निवडीचं मूल्यमापन केलं, तर ते कोण मानेल? म्हणून अर्जांवरचे निर्णय संपतात तिथून तुमचं काम सुरू होतं. पैसा कुणाकडे गेला, कुणाकडे गेला नाही, त्यातून काय उभं राहिलं, आणि ज्यांनी अर्जच केला नाही ते कोण, याचा शोध घ्यायचा.

ऐकायला हे सोपं वाटतं, आणि एका अर्थी ते सोपं आहेही. आकडा काढायला फारसा वेळ लागत नाही. तो आकडा नेमका कशाचा आहे, हे सांगता येणं कठीण. माझ्या मते तुमची आठही आठवड्यांची कमाई त्यातच आहे.

पहिल्या आठवड्यात तुमच्यासमोर बहुधा एक मोठी स्प्रेडशीट ठेवतील. एका ओळीत एक अर्ज. अर्ज क्रमांक, अर्जदाराचं नाव, पत्ता, कलाप्रकार, मागितलेली रक्कम, मंजूर झालेली रक्कम, प्रत्यक्ष दिलेली रक्कम. बघा, रकमेचेच तीन रकाने झाले. ‘या वर्षी नृत्याला किती पैसे दिले?’ असं कुणी विचारलं, तर त्याची तीन खरी उत्तरं आहेत. मंजूर झालेलं अनुदान हप्त्याहप्त्याने जातं, शेवटचा हप्ता अहवाल आल्यावर निघतो आणि तो बऱ्याचदा पुढच्या आर्थिक वर्षात पडतो. एखादा प्रकल्प रद्द होतो आणि पैसे परत येतात. त्यामुळे रकमेसोबत ती कुठल्या रकान्यातली आणि कुठल्या तारखेची, हे लिहिल्याशिवाय आकडा टेबलावरून पुढे सरकू देऊ नका.

एका उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या मुलीला मी वरवर कंटाळवाणं काम दिलं होतं. दहा वर्षांच्या अर्जांमधली संस्थांची नावं तपासून एकसारखी करायची. तिसऱ्या दिवशी ती छापलेला कागद घेऊन आली. एकाच नाट्यसंस्थेचं नाव सात प्रकारांनी लिहिलेलं होतं. कुठे ‘संस्था’ शब्द होता, कुठे नव्हता. एकदा अध्यक्षांच्या स्वतःच्या नावाने अर्ज होता, एकदा नावातली दोन अक्षरं उलटसुलट झालेली, एकदा शेवटी नुसतं टिंब. संगणकाला त्या सात वेगळ्या संस्था दिसत होत्या, आणि आम्ही दर वर्षी अहवालात अभिमानाने छापायचो की इतके टक्के अनुदान पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांना गेलं. ती दुरुस्त करत गेली तसतसे ‘पहिल्यांदा’वाले कमी होत गेले. पैसा नव्या माणसांपर्यंत पोहोचतो आहे असं आम्ही मानत होतो, आणि त्यातला बराचसा जुन्याच माणसांकडे नव्या नावाने जात होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात आम्ही सुधारित आकडा खुलाशासह छापला. वरिष्ठांना ते आवडलं नव्हतं, तरी छापला. त्या मुलीने केलेली नावांची यादी विभागात अजून वापरतात.

याच कामातली आणखी एक जागा म्हणजे कलाप्रकाराच्या रकान्यातलं ‘इतर’. फॉर्ममध्ये नाटक, संगीत, नृत्य, दृश्यकला, साहित्य असे ठरलेले पर्याय असतात. कळसूत्री बाहुल्या आणि व्हिडिओ एकत्र वापरणारा माणूस कुठे खूण करणार? तो ‘इतर’वर करतो. तक्ता करताना ‘इतर’ सगळ्यात खाली जातं आणि त्याच्याकडे कुणाची नजर जात नाही. तुम्ही मात्र त्या ओळी एकेक करून वाचा. उद्या कला कुठल्या दिशेला चालली आहे, त्याच्या खुणा तिथे सर्वांत आधी दिसतात. शिवाय ज्यांच्या कलेला संस्थेने कधी नावच दिलेलं नाही, ती माणसंही तिथेच असतात.

मग पत्ता. हे उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. २०१३ साली इंग्लंडमध्ये तीन स्वतंत्र अभ्यासकांनी मिळून एक अहवाल काढला. सरकार आणि आर्ट्स कौन्सिल यांचा कलांवरचा खर्च एकत्र धरला, तर लंडनमध्ये माणशी सुमारे ६९ पौंड पडतात आणि उरलेल्या इंग्लंडमध्ये साडेचार पौंडांच्या आसपास, असं त्यात होतं. मोठी खळबळ उडाली. लगेच प्रतिवाद आला, की अनुदान ज्या पत्त्यावर नोंदलं जातं तिथेच ते वापरलं जातं असं नाही. नाटक कंपनीचं कार्यालय लंडनमध्ये असतं, पण ती वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर असते, आणि राष्ट्रीय संग्रहालयात देशभरातून माणसं येतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण दौरे, बाहेरचे प्रेक्षक सगळं हिशेबात घेतलं तरी इतकी मोठी दरी बुजत नाही, हेही तितकंच खरं. माझा स्वतःचा कल पत्त्याला महत्त्व देण्याकडे आहे. जिथे कार्यालय असतं तिथे पगार होतात, तालमीची जागा असते, नव्या मुलांना काम मिळतं. दौरा दोन दिवस येतो आणि जातो. तरीही तुमच्या नकाशाखाली ‘हे अर्जदाराच्या नोंदणीकृत पत्त्यानुसार’ ही ओळ हवीच. ती नसेल तर नकाशा पाहणारा त्यातून हवा तो अर्थ काढेल.

अनुदान संपल्यावर आलेले अंतिम अहवालही तुम्हाला वाचायला देतील. त्यात ‘प्रेक्षकसंख्या’ असा रकाना असतो. नुसते आकडे खाली ओढून पाहा. ५००, १०००, २०००, पुन्हा ५००. तिकीट असलेल्या कार्यक्रमाचा आकडा ४८७ असा येतो, रस्त्यावरच्या प्रयोगाचा नेहमी गोल. यात कुणी खोटं बोलत नसतं. चौकात उभं राहून प्रयोग करणारा माणूस डोकी कधी मोजणार? पण अशा दोन आकड्यांची बेरीज करून ‘अमुक लाख लोकांपर्यंत कला पोहोचली’ असं लिहिलं, तर ते वाक्य टिकणार नाही. शिवाय एकच माणूस तीन प्रयोगांना आला तर तो तीनदा मोजला जातो. ती उपस्थिती असते, माणसं नव्हेत. हा फरक तुमच्या वाक्यातल्या शब्दातच दिसला पाहिजे.

सर्वेक्षणांच्या बाबतीतही तेच. अमेरिकेतली १९६५ सालची ती संस्था म्हणजे नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स. तिने १९८२ पासून दर काही वर्षांनी लोकांच्या कलासहभागाचं सर्वेक्षण केलं आहे. मुख्य आकड्यासाठी कलाप्रकार सात धरले: जॅझ, शास्त्रीय संगीत, ऑपेरा, संगीत नाटक, गद्य नाटक, बॅले आणि कलासंग्रहालयं. वर्षभरात यातलं एक तरी पाहणाऱ्या प्रौढांचं प्रमाण १९९२ मध्ये ४१ टक्के होतं, २०१२ मध्ये ते ३३ टक्क्यांच्या आसपास आलं. मधल्या १९९७ सालात मात्र आकडे अचानक फुगलेले दिसतात. कलासंग्रहालयांना भेट देणारे १९९२ मध्ये सुमारे २७ टक्के, १९९७ मध्ये ३५, आणि २००२ मध्ये पुन्हा २७ च्या खाली. त्या वर्षी कलेची लाट वगैरे काही आली नव्हती, सर्वेक्षणाची पद्धत बदलली होती. आधीचं सर्वेक्षण जनगणना खात्याच्या एका मोठ्या सर्वेक्षणाला जोडून व्हायचं, आणि १९९७ चं स्वतंत्रपणे फोनवर झालं. ‘कलेविषयी चार प्रश्न विचारायचे आहेत’ असा फोन आल्यावर कोण बोलत राहतं आणि कोण ठेवून देतं, याचा विचार करून पाहा. म्हणून ते वर्ष बाकीच्यांशी तुलनेला घेत नाहीत. पण तळटीप न वाचता आलेख काढलात, तर मधोमध एक सुंदर शिखर दिसेल आणि त्यावर पानभर विवेचन लिहायचा मोह होईल.

आणि त्या सात प्रकारांकडे पुन्हा एकदा पाहा. प्रार्थनेच्या वेळी समूहात गाणारा माणूस त्यात नाही, घरी विणकाम करणारी बाई नाही, गल्लीत नाचणारी मुलं नाहीत. स्वतः कला करणं, पडद्यावर पाहणं यांचे प्रश्न त्या सर्वेक्षणात वेगळे होते, पुढे महोत्सवांबद्दलही विचारलं जाऊ लागलं, पण वरच्या टक्क्यांत यातलं काही येत नाही. ‘लोकांना कलेत रस उरला नाही’ असं म्हणण्याआधी आपण कशाला कला म्हणून मोजलं होतं, ते पाहायला हवं.

कलाकार किती आहेत, या साध्या प्रश्नातही हीच अडचण आहे. जनगणनेत किंवा रोजगाराच्या पाहणीत सहसा मुख्य काम विचारतात. दिवसभर शाळेत शिकवून रात्री शिल्पं घडवणारा माणूस तिथे शिक्षक म्हणून नोंदला जातो. कलेवर घर चालत नाही म्हणूनच ज्याला अनुदानाची गरज आहे, तोच नेमका कलाकारांच्या मोजणीतून गळतो.

तुम्ही अर्थशास्त्राच्या आहात म्हणून ‘आर्थिक परिणाम’ काढण्याचं काम तुमच्याकडे नक्की येईल. एक रुपया, एक पौंड, एक डॉलर दिला तर अर्थव्यवस्थेत किती फिरतो, असा प्रश्न असतो. आकडा मोठा यावा अशी सगळ्यांची मनापासून इच्छा असते, कारण पुढच्या अंदाजपत्रकात तोच ढाल म्हणून वापरायचा असतो. इथे पाय घट्ट रोवून उभ्या राहा. महोत्सवाला आलेल्या माणसाने जेवणावर खर्च केला, पण महोत्सव नसता तर त्याने तो पैसा त्याच शहरात दुसरीकडे खर्च केला असता का? केला असता, तर ती भर नव्हे, नुसती जागा बदलली. बॉमॉल आणि बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली जे मांडलं, ते मला अशा ‘एकाचे किती झाले’ सांगणाऱ्या गुणकांपेक्षा जास्त खरं वाटतं. चौघांनी वाजवायच्या रचनेला शंभर वर्षांपूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा, तितकाच आजही लागतो. बाकी उद्योगांत यंत्रांमुळे उत्पादन वाढतं आणि मजुरीही वाढते, त्यामुळे कलेचा खर्च मात्र सापेक्षतेने चढत जातो. आधार का द्यावा लागतो, हे यातून नीट कळतं, आणि त्यासाठी कलेला नफ्याचा धंदा म्हणून दाखवावं लागत नाही.

संशोधनाची आखणीच चांगली असली की काय होतं, हे पाहायचं असेल तर आयर्लंडकडे बघा. तिथल्या सरकारने २०२२ मध्ये कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना सुरू केली. आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं, २,००० जणांना. अर्ज ९,००० हून जास्त आले. पात्र ठरलेल्यांमधून निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुठलीही गुणवत्ता न पाहता झाली. ज्यांना हे उत्पन्न मिळालं नाही अशा १,००० जणांचा तुलनेसाठी वेगळा गट ठेवला आणि दोघांनाही ठरावीक काळाने तेच प्रश्न विचारले. कलाकारांना नशिबावर सोडणं अनेकांना क्रूर वाटलं आणि ते वाटणं मला समजतं. पण नेहमीच्या अनुदानात आपण आधीच चांगले असलेले लोक निवडतो आणि नंतर ते चांगलं काम करतात याचं श्रेय अनुदानाला देतो. इथे तसं करता येत नाही. तुमच्या संस्थेत असं काही चालू असेल, तर त्या कामावर घ्या म्हणून विनंती करा.

आता ज्या कामाने विद्यार्थी सर्वांत जास्त बदलताना मी पाहिले आहेत, त्याबद्दल. ते काम म्हणजे नाकारल्या गेलेल्या अर्जदारांना फोन करणं. सगळ्याच संस्था हे करत नाहीत. आम्ही दर काही वर्षांनी करायचो आणि फोन विद्यार्थ्यांना द्यायचो, कारण समोरचा माणूस वरिष्ठ अधिकाऱ्यापेक्षा त्यांच्याशी मोकळं बोलतो. प्रश्नावली दहा मिनिटांची, पण फोन चाळीस मिनिटं चालायचे. एका मुलाच्या शेजारी बसून मी ऐकत होते. पलीकडे बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एक बाई होत्या. ‘पुन्हा अर्ज का केला नाही?’ हा सहावा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, ‘फॉर्ममध्ये तीन वर्षांचे तपासलेले हिशेब मागितले होते. आमचा गट दोन वर्षांचाच होता. मग वाटलं, हे आपल्यासाठी नाहीच.’ त्या योजनेत नव्या गटांना ती अट माफ होती. तशी ओळ फॉर्मसोबतच्या मार्गदर्शिकेत होती, एकोणिसाव्या पानावर. मुलाने प्रश्नावलीत दिलेल्या पर्यायांपैकी ‘वेळ नव्हता’, ‘माहिती नव्हती’, ‘इतर’ यांवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पर्याय सोडून बाईंचं बोलणं जसंच्या तसं लिहायला सांगितलं. त्या उन्हाळ्याच्या शेवटी अशी अनेक वाक्यं जमली आणि त्यांतून एकच गोष्ट पुढे आली, की माणसं अटींमुळे जितकी अडत होती, त्याहून जास्त अटी लिहिण्याच्या पद्धतीमुळे अडत होती. सूट मिळते हे वाक्य पुढच्या फॉर्ममध्ये अटीच्या शेजारीच छापलं गेलं.

असे फोन करताना दोन गोष्टी सांभाळा. निर्णय बदलेल अशी आशा चुकूनही दाखवू नका. पहिल्याच वाक्यात सांगा, की हा फोन अर्जाबद्दल नसून पद्धत सुधारण्यासाठी आहे. आणि समोरचा माणूस चिडला, तर स्वतःचं समर्थन करत बसू नका. तुम्ही तो निर्णय घेतलेला नाही. ऐकून घ्या आणि लिहून घ्या.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. अर्जांमध्ये लोकांचं उत्पन्न, बँकेचा तपशील, कधी अपंगत्वाची किंवा आजाराची माहिती असते, आणि कुठेही प्रसिद्ध न झालेल्या कल्पना असतात. यातलं काहीही स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नका, घरच्या ई-मेलवर पाठवू नका आणि सारांश काढून घेण्यासाठी इंटरनेटवरच्या कुठल्याही एआय साधनात टाकू नका. संस्थेने अधिकृत साधन दिलं असेल तर त्याचे नियम आधी विचारा. तक्त्यांत नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो, हेही ध्यानात ठेवा. एखाद्या छोट्या गावातून अर्ज करणारी अंध नर्तकी एकच असेल, तर त्या चौकटीतला १ हा आकडा म्हणजे तिचं नावच झालं. फार लहान आकडे झाकायचा नियम बहुतेक संस्थांत असतो. किती लहान, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

तयारी म्हणाल तर प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर चांगलंच, नसेल तर त्यापायी झोप उडवून घेऊ नका. स्प्रेडशीटवर हात बसलेला असावा. पिव्हट टेबल, म्हणजे हव्या त्या रकान्यानुसार बेरजा मांडणारा तक्ता, करता यावं, दोन याद्या जुळवता याव्यात आणि मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करण्याची सवय असावी. त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे त्या संस्थेचा अनुदानाचा फॉर्म मिळवा आणि तुमच्या नाटकासाठी म्हणून स्वतः पूर्ण भरा. पाठवायचा नाही, फक्त भरायचा. कुठे अडलात, कुठे खोटं लिहावंसं वाटलं, कुठला प्रश्न दोनदा वाचावा लागला, त्याची नोंद ठेवा. ज्या रकान्यांवर तुम्ही पुढे आठ आठवडे काम करणार, ते माणसं कोणत्या मनःस्थितीत भरतात हे दुसऱ्या कशाने कळत नाही. सराव हवा असेल तर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ठेवलेला कला आणि संस्कृतीविषयक माहितीचा राष्ट्रीय संग्रह, म्हणजे नाडॅक, सगळ्यांना मोफत खुला आहे. मी वर सांगितलेल्या सर्वेक्षणाची मूळ माहिती तिथे मिळते. संस्थेचे मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवालही वाचा, आणि आकड्यांपेक्षा तळटिपा जास्त वाचा.

मानधनाचं विचारायला लाजू नका. ‘अनुभव मिळतो ना’ असं म्हणून फुकट काम करून घेण्याची सवय कलाक्षेत्रात खोलवर रुजलेली आहे. फुकट काम फक्त त्यालाच परवडतं ज्याचं घर दुसरं कुणी चालवत असतं. मग कुणाला पैसा मिळाला आणि कुणाला नाही हे तपासणाऱ्या विभागातही एकाच परिस्थितीतली मुलं जमतात, आणि बाहुल्यांवाल्या बाईंचा फोन घेणाऱ्या मुलाला ‘हे आपल्यासाठी नाहीच’ या वाक्याचा अर्थ अनुभवाने माहीत नसतो. मी विभागात असताना विद्यार्थ्यांच्या मानधनासाठी तीन वर्षं भांडले, तेव्हा कुठे ते सुरू झालं.

शेवटच्या दोन आठवड्यांत तुम्हाला एक टिपण लिहायला सांगतील. दोन पानं, फार तर तीन. वाचणाऱ्याला बैठकीला जायचं असतं, म्हणून काय सापडलं ते पहिल्या परिच्छेदात लिहा आणि कसं शोधलं ते नंतर. ‘असं दिसून येतं की’ सारखी वाक्यं टाळा, कुणाला दिसलं ते लिहा. जे सापडेल असं वाटलं होतं आणि सापडलं नाही, तेही लिहा. त्याला अपयश समजून गाळणारे विद्यार्थी मी खूप पाहिले, आणि पुढच्या वर्षी आलेल्या मुलाने तीच वाट पुन्हा तुडवलेलीही पाहिली.

आणि टिपणासोबत एक साधी फाइल मागे ठेवा. कुठली स्प्रेडशीट कुठल्या तारखेला घेतली, कुठल्या ओळी वगळल्या आणि का, ‘इतर’मधल्या कुठल्या नोंदी कुठे हलवल्या, कुठल्या दोन संस्था एकच आहेत असं ठरवलं आणि कशावरून, कुठे खात्री नव्हती. रोज संध्याकाळी निघण्याआधी दहा मिनिटं काढून लिहीत गेलात तर शेवटी वेगळे कष्ट पडत नाहीत. हिवाळ्यात एखादा लोकप्रतिनिधी सभागृहात त्याच आकड्यावर प्रश्न विचारेल. तेव्हा तुम्ही परीक्षेच्या अभ्यासात असाल, आणि विभागातलं कुणीतरी उत्तर तयार करण्यासाठी ती फाइल उघडेल.